पीएफच्या नावाने लूट: दोष काकांच्या भोळेपणाचा नाही

वस्तीतला एखादा निवृत्त कंत्राटी सफाई कामगार फोनवर फसला की आपल्यातलीच शिकलेली मंडळी पहिलं वाक्य बोलतात, "एवढं सांगूनही ओटीपी दिलाच कसा?" बँकांचे मेसेज, मोबाईलची कॉलर ट्यून, सगळीकडे हाच सूर. मला तो मान्य नाही.

फसवणारा काय बोलतो ते नीट ऐका. "काका, पीएफ ऑफिसमधून बोलतोय. जुन्या कंत्राटदाराकडचे तुमचे पैसे केवायसीमुळे अडकलेत. आज केलं नाही तर बुडतील." यात लॉटरी नाही, परदेशातलं बक्षीस नाही. पैसे खरोखरच अडकलेत, हे काकांना ठाऊक आहे. वीस वर्षं पगारातून 12 टक्के कापले गेले. कंत्राटदार बदलत गेले, माणूस त्याच रस्त्यावर झाडू मारत राहिला आणि प्रत्येकाने त्याचा नवा पीएफ नंबर काढला. यूएएन आला 2014 मध्ये. त्याआधीचे नंबर कोणाच्या वहीत पडलेत कोणास ठाऊक. आधारवर एक नाव, कंत्राटदाराच्या रजिस्टरवर दुसरं. आपल्याकडे आडनाव बदललेली घरं कमी नाहीत. बायकांची माहेर-सासरची नावं वेगळी. मोबाईलच्या रकान्यात सुपरवायझरचा नंबर. कार्यालयात गेलं की "मालकाची सही आणा", आणि तो मालक कधीच गाशा गुंडाळून गेलेला.

अशा माणसाला पहिल्यांदा कोणीतरी अदबीने 'काका' म्हणतं. तो चोर आहेच. पण तो ज्या भगदाडातून घरात शिरला, ते कंत्राटी पद्धतीने पाडलेलं आहे. कंत्राटदाराने पीएफ भरला नाही तर जबाबदारी मूळ मालकावर येते, असं कायदा सांगतो. त्या मालकाला जाब विचारण्याऐवजी आपण काकांना भोळे ठरवून मोकळे होतो.

यात फक्त जमा रक्कम जात नाही, पेन्शनही जाते, हे किती कार्यकर्त्यांना माहीत आहे? 1995 च्या योजनेत पेन्शनसाठी 10 वर्षांची सेवा लागते. तीन-तीन वर्षांचे चार तुकडे सुटे राहिले तर हातात काही नाही. जोडले तर महिन्याची पेन्शन. किमान पेन्शन 2014 पासून 1,000 रुपयांवर अडकली आहे, ही थट्टाच, पण म्हणून ती सोडून द्यायची का? नाक्यावरचा एजंट नेमकं हेच तोडतो. प्रत्येक तुकड्याला फॉर्म 10सी भरून पेन्शनचे पैसे काढायला लावतो, टक्केवारी घेतो, आणि सेवेची वर्षं पुसली जातात. त्या फॉर्मवर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येतं, म्हणजे वर्षं शाबूत राहतात. ते तो सांगत नाही, कारण त्यात त्याला कमिशन नाही. आणि कटू असलं तरी लिहितो: हा एजंट कधी कधी निळा गमछा घातलेला आपलाच माणूस असतो.

आणखी एक. पीएफचा कायदा बाबासाहेबांनी केला, असे फॉरवर्ड दर 14 एप्रिलला फिरतात. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री होते आणि कामगार हक्कांसाठीचं त्यांचं काम प्रचंड आहे. पण हा कायदा 1952 चा. त्यांनी सप्टेंबर 1951 मध्येच मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला होता. न तपासता पुढे ढकलण्याची आपली ही सवयच चोरांच्या कामी येते. पीएफच्या नावाची एपीके फाईल त्याच ग्रुपवर, त्याच विश्वासाने येते. ऐकीव आहे म्हणून मानू नका, हे कालामांना सांगणाऱ्या तथागतांचे आपण अनुयायी आहोत ना?

तेव्हा 'सावध राहा'चे बॅनर पुरे. विहारात महिन्यातून एक रविवार टेबल मांडा. जुनी पगार स्लिप, कामाचं ओळखपत्र, बँक पासबुक, आधार घेऊन लोकांना बोलवा. स्लिपवर पीएफ नंबर सापडतो, त्यात कार्यालयाचा आणि कंपनीचा कोड असतो. काहीच नसेल तर सोबत काम केलेल्याची स्लिप शोधा. कंपनीचा कोड तोच असतो. ओटीपी आला तर तो ज्याचा त्याने स्वतः टाकावा, पासवर्ड आपल्या वहीत लिहू नका. फोन करायचा तर 14470 वर आपण करायचा. आलेल्या फोनवर बोलायचं नाही, गुगलवर दिसलेल्या कस्टमर केअरला तर मुळीच नाही, त्यातले कितीतरी नंबर चोरांचेच असतात. दावा मंजूर करायला पीएफ कार्यालय एक रुपयाही घेत नाही, ओटीपी मागत नाही, स्क्रीन शेअर करायला सांगत नाही. आज-उद्यात पैसे बुडत नाहीत.

आणि कोणी फसलंच, तर आधी रागावू नका. त्याच मिनिटाला 1930 लावा, मग बँक. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत 'निधी आपके निकट' शिबिर भरतं. सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. तिथे एकेकटा कामगार गेला की त्याला परत पाठवतात. चाळीस जण एकाच कंत्राटदाराचं नाव घेऊन, लेखी अर्ज घेऊन गेले की साहेबांना पोच द्यावी लागते. मूळ मालकाचं नाव अर्जात पहिल्या ओळीत टाका.