विश्लेषण : वाचनालयात यंत्रमानव हवा की आधी सूची?

समजा, साताऱ्यातल्या एखाद्या जुन्या वाचनालयाच्या कपाटात १९३० च्या दशकातली एक कादंबरी आहे. नेमकी तीच कादंबरी पुण्यातला एक विद्यार्थी प्रबंधासाठी शोधतो आहे. तो फोनवर नाव टाकतो, पण काहीच हाती लागत नाही. पुस्तक आहे आणि वाचकही आहे, मात्र दोघांची गाठ पडत नाही. कारण त्या पुस्तकाची एकमेव नोंद शाईने लिहिलेल्या दाखल नोंदवहीत आहे. ग्रंथालयांच्या भविष्याची चर्चा सुरू झाली की कृत्रिम बुद्धिमत्ता, यंत्रमानव, आभासी दालने यांची नावे पुढे येतात. महाराष्ट्रातल्या वाचनालयांसाठी मात्र खरा प्रश्न या नोंदवहीपासून सुरू होतो.

चर्चा कशाची, गरज कशाची?

भविष्यातले ग्रंथालय म्हणून फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथील 'ओडी' ग्रंथालयाचे उदाहरण हमखास दिले जाते. डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या या इमारतीत त्रिमितीय छपाईयंत्रे आहेत, शिलाई मशिन आहेत आणि परत आलेली पुस्तके पेट्यांमधून वाहून नेणारे चाकांचे यंत्रमानवही आहेत. छायाचित्रे पाहून कोणालाही हेवा वाटेल.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांसाठी १९६७ चा कायदा आहे आणि त्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली हजारो अनुदानित वाचनालये आहेत. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, नाशिकचे १८४० चे. म्हणजे मुंबई विद्यापीठ स्थापन होण्याआधीपासून या संस्था चालू आहेत. त्यातल्या लहान वाचनालयांत बहुधा एकच कर्मचारी असतो. देवघेव, वर्गणी, वर्तमानपत्रे लावणे, कुलूप उघडणे ही सगळी कामे त्याच्याकडेच असतात. अनुदान आणि वर्गणीतूनच पगार, वीजबिल आणि पुस्तक खरेदी भागवायची असते.

अशा ठिकाणी आरएफआयडीचे उदाहरण बोलके आहे. प्रत्येक पुस्तकात एक पातळ चिप चिकटवायची, मग यंत्रासमोर गठ्ठा ठेवला की सगळी पुस्तके एकदम नोंदवली जातात आणि दारातून न नोंदवता पुस्तक नेले तर गजर वाजतो. दिवसाला हजारो पुस्तकांची देवघेव असलेल्या ग्रंथालयात त्याचा खर्च वसूल होतो. दिवसाला चाळीस पुस्तके फिरणाऱ्या वाचनालयात साध्या प्रिंटरवर छापलेले बारकोड आणि ते वाचणारा मोबाइलचा कॅमेरा एवढे पुरते. पण चिप असो वा बारकोड, त्यामागे पुस्तकाची संगणकातली नोंद लागते. ती नसेल तर दोन्ही निव्वळ चिकटपट्ट्या.

सूची करणे इतके अवघड का?

नवे इंग्रजी पुस्तक आले की त्याचा आयएसबीएन क्रमांक टाकायचा आणि जगातल्या कुठल्या तरी ग्रंथालयाने आधीच केलेली नोंद उतरवून घ्यायची, ही पद्धत रुळली आहे. मराठीत ती अर्धीच चालते. आयएसबीएनची पद्धत जगात आली तीच १९७० च्या सुमारास. त्यामुळे जुन्या वाचनालयांचा सर्वांत मौल्यवान भाग, म्हणजे त्याआधीची पुस्तके, या क्रमांकाविनाच आहे. प्रत्येक पुस्तक हातात घेऊन, मुखपृष्ठामागचे पान उघडून नोंद करावी लागते.

पुढची अडचण नावांची. एकाच लेखकाचे नाव एका वाचनालयात 'ना. सी. फडके', दुसऱ्यात 'फडके, नारायण सीताराम' आणि तिसऱ्यात इंग्रजी लिपीत तीन वेगवेगळ्या स्पेलिंगनी नोंदवलेले असते. माणसाला ते एकच आहेत हे कळते, पण संगणकाच्या लेखी ते चार-पाच लेखक होतात. शीर्षकांचेही तसेच. 'श्यामची आई' रोमन लिपीत कोणी 'वाय' घालून लिहितो, कोणी वगळून. म्हणून नोंद देवनागरीत युनिकोडमध्ये करणे आणि लेखकाच्या नावाचे एक प्रमाण रूप ठरवून बाकीची रूपे त्याला जोडणे, ही दोन पथ्ये सुरुवातीलाच पाळावी लागतात. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेल्या याद्या असतील तर त्या आधी रूपांतरित कराव्या लागतात, नाहीतर दुसऱ्या संगणकावर त्यांची अक्षरे म्हणजे नुसती चिन्हांची खिचडी दिसते.

सॉफ्टवेअर महाग असते म्हणून हे अडले आहे असे म्हणता येत नाही. 'कोहा' ही मुक्त प्रणाली कोणीही फुकट वापरू शकतो. तिचा जन्म न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या छोट्या जिल्ह्याच्या ग्रंथालयांत झाला. सन २००० उजाडताना त्यांची जुनी संगणक प्रणाली कोलमडणार होती आणि नवी विकत घेणे परवडत नव्हते, म्हणून त्यांनी स्वतःची करून घेतली आणि सर्वांसाठी खुली केली. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट. आपल्याकडे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे 'ई-ग्रंथालय' हे सॉफ्टवेअरही आहे. कमतरता आहे ती नोंदी करायला बसणाऱ्या प्रशिक्षित माणसांची, आणि सगळ्या वाचनालयांच्या नोंदी एका ठिकाणी शोधता येतील अशा संयुक्त सूचीची.

स्कॅन केले म्हणजे झाले का?

पुस्तकाच्या पानांची छायाचित्रे काढून पीडीएफ बनवली की अनेक संस्था 'डिजिटायझेशन पूर्ण' असे जाहीर करतात. ते अर्धेच काम असते. त्या पीडीएफमध्ये शब्द नसतात, फक्त चित्रे असतात. त्यात 'दुष्काळ' हा शब्द शोधायचा तर आधी चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर तयार करावा लागतो. यालाच ओसीआर म्हणतात.

गेल्या काही वर्षांत खरी झेप इथे घेतली गेली आहे. पूर्वीच्या प्रणाली एकेक अक्षर सुटे करून ओळखायच्या. देवनागरीत शिरोरेघेने सगळी अक्षरे एकमेकांना बांधलेली, वर वेलांट्या, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षरे. त्यामुळे सुरुवातीलाच घोळ व्हायचा. आताच्या प्रणाली पूर्ण ओळ एकदम वाचतात आणि संदर्भावरून अक्षर ठरवतात. नव्या, स्वच्छ छपाईवर निकाल उत्तम येतात.

जुन्या मराठी पुस्तकांवर मात्र त्या अडखळतात. पारंपरिक मराठी छपाईतले 'ल' आणि 'श' हिंदीतल्यापेक्षा वेगळ्या वळणाचे असतात. प्रणाली मुख्यतः हिंदी मजकुरावर शिकलेली असेल तर तिथे चुकते. 'तऱ्हा', 'सुऱ्या' या शब्दांतला मराठीचा खास अर्धा र तिला परका असतो. शिवाय फिकी शाई, पिवळा कागद आणि मागच्या पानावरून उमटलेली अक्षरे. एका पानावर दोन हजार अक्षरे आणि ओळख ९८ टक्के बरोबर धरली, तरी पानामागे ४० चुका उरतात.

मजकूर बिनचूक उतरला तरी एक गाठ उरतेच. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीची मराठी वेगळी लिहिली जाई. 'काही' हा शब्द 'कांहीं' असा, 'घरे' हा 'घरें' असा. आजचा वाचक आजच्या पद्धतीने शब्द टाकणार आणि जुने पान त्याला सापडणार नाही. शोधयंत्राला ही दोन्ही रूपे एकच आहेत हे शिकवावे लागते. हे काम परदेशातली कोणती मोठी कंपनी आपल्यासाठी आवर्जून करेल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही. मोडी लिपीतल्या दफ्तरांचा प्रश्न तर याहून कितीतरी मोठा आहे.

कायदा आड येतो का?

वाटतो तितका नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार, ना-नफा तत्त्वावरील सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या ग्रंथाची छापील प्रत असेल तर जतनासाठी ती डिजिटल स्वरूपात साठवता येते. जतनासाठी, हा शब्द महत्त्वाचा. ती प्रत संकेतस्थळावर टाकून सर्वांना खुली करण्याची मुभा त्यात नाही. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे उलटली की मात्र ग्रंथ सर्वांसाठी मुक्त होतो. साने गुरुजींचे निधन १९५० चे, त्यामुळे त्यांचे लेखन २०११ पासून मुक्त आहे. पु. ल. देशपांडे २००० साली गेले; त्यांच्या पुस्तकांसाठी २०६१ उजाडावे लागेल.

अंध वाचकांसाठी तरतूद अधिक उदार आहे. त्यांना वाचता-ऐकता येईल अशा स्वरूपात पुस्तक बदलून देण्यास परवानगी लागत नाही. याविषयीच्या मराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारतच होता. मराठी मजकूर वाचून दाखवणारे यंत्रस्वर आता बऱ्यापैकी सुधारले आहेत. त्यामुळे ओसीआर केलेले प्रत्येक पुस्तक हे श्राव्य पुस्तकही होऊ शकते. या बाजूची चर्चा फारच कमी होते.

ई-पुस्तक घेतले तर ते वाचनालयाचे होते का?

इथे वाचनालयांनी सर्वाधिक सावध राहायला हवे. छापील पुस्तक विकत घेतले की ती प्रत वाचनालयाच्या मालकीची. शंभर सभासदांना द्या, बांधणी करून आणखी शंभर जणांना द्या. प्रकाशकाला पुन्हा विचारावे लागत नाही. ई-पुस्तक बहुतेक वेळा विकत मिळतच नाही, मिळतो तो मुदतीचा परवाना. हार्परकॉलिन्स या प्रकाशनाने २०११ मध्ये अमेरिकी ग्रंथालयांना अट घातली की ई-पुस्तक २६ वेळा दिले की परवाना संपेल आणि पुन्हा पैसे भरावे लागतील. मॅकमिलनने २०१९ मध्ये नव्या ई-पुस्तकाची पहिले आठ आठवडे प्रत्येक ग्रंथालय व्यवस्थेला एकच प्रत देण्याचे धोरण आणले. ग्रंथालयांनी खरेदीवर बहिष्कार घातला आणि मार्च २०२० मध्ये ते मागे घेण्यात आले.

आपल्याकडच्या छापील प्रती स्कॅन करून, जितक्या प्रती तितक्याच वाचकांना एका वेळी द्यायच्या, असा मार्ग 'इंटरनेट अर्काइव्ह'ने काढला होता. टाळेबंदीत त्यांनी ही मर्यादाही काही काळ उठवली. चार मोठ्या प्रकाशकांनी खटला भरला. अमेरिकी न्यायालयाने २०२३ मध्ये आणि अपिलात सप्टेंबर २०२४ मध्ये निकाल प्रकाशकांच्या बाजूने दिला. पाच लाखांहून अधिक पुस्तके वाचकांसाठी बंद झाली. लेखक-प्रकाशकांच्या पोटापाण्याचा मुद्दा खराच आहे. पण वाचनालय मालकाचे भाडेकरू होते, हेही तितकेच खरे.

मराठी ई-पुस्तके वाचक स्वतःसाठी घेऊ शकतो. सार्वजनिक वाचनालयाने ती घेऊन सभासदांमध्ये फिरवावीत, अशी रुळलेली व्यवस्था मराठीत नाही. व्यवस्थाच नसल्यामुळे तिचे नियम ठरवण्याची संधी अजून हातात आहे. परवाना किती वर्षांचा, नूतनीकरण झाले नाही तर पुस्तक जाणार का, हे प्रश्न करारावर सही करण्याआधी विचारायचे असतात. आणखी एक भोक आहे. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाच्या प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना द्याव्या लागतात. तो छापील पुस्तकांचा विचार करून केलेला आहे. जे मराठी पुस्तक फक्त ई-स्वरूपात निघते, ते पन्नास वर्षांनी कुठे सापडणार?

एआय ग्रंथपालाची जागा घेईल?

शीर्षकपानाच्या छायाचित्रावरून लेखक, प्रकाशक, वर्ष उचलून नोंदीचा कच्चा मसुदा करणे एआयला जमते आणि त्याचा उपयोग करावाच. विषय ठरवताना ते अधिक चुकते, त्यामुळे तपासणी माणसाचीच. आणि माहिती नसली तरी एआय गप्प बसत नाही. मे २०२५ मध्ये 'शिकागो सन-टाइम्स'च्या पुरवणीत सुट्टीतल्या वाचनासाठी १५ पुस्तकांची यादी आली. लेखक खरे होते, पण १५ पैकी १० पुस्तके अस्तित्वातच नव्हती; यादी एआयने बनवली होती. मराठीत अशी चूक पकडणे अधिक कठीण आहे, कारण पडताळून पाहायला पूर्ण सूचीच नाही. 'हे पुस्तक आहे का?' असे विचारणाऱ्या वाचकाला 'असे पुस्तक निघालेलेच नाही' हे ठामपणे सांगणारा जाणता ग्रंथपाल त्यामुळे अधिकच लागणार आहे.

सगळे संगणकावर गेले आणि तो बंद पडला तर?

ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये खंडणीखोर हॅकरांचा हल्ला झाला. मागणी २० बिटकॉइनची होती. ग्रंथालयाने पैसे दिले नाहीत आणि सुमारे ६०० जीबी माहिती चोरट्यांनी उघड केली. पुस्तके कपाटात सुखरूप होती, पण ऑनलाइन सूची जानेवारी २०२४ पर्यंत बंद राहिल्याने त्यांचा माग काढणे दुरापास्त झाले. जुनाट प्रणाली आणि अपुरी सुरक्षा ही कारणे ग्रंथालयाने नंतर स्वतःच्या अहवालात मान्य केली. तालुक्याच्या वाचनालयाला हॅकरचीही गरज नाही, एक पावसाळा किंवा जळालेली हार्ड डिस्क पुरते. सूचीची एक प्रत दर आठवड्याला वेगळ्या जागी ठेवणे हा जवळपास बिनखर्चाचा उपाय आहे.

मग पैसे आधी कुठे घालावेत?

अनेक वाचनालयांत आज सर्वाधिक गर्दी कथा-कादंबऱ्यांच्या कपाटांपाशी नसते, ती अभ्यासिकेत असते. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना शांत जागा, पंखा, वायफाय हवे असते. ती मागणी नाकारण्याचे कारण नाही. ही तरुण, संगणक सहज हाताळणारी मुले रोज तिथे आठ-दहा तास बसतात. शुल्कात सवलत देऊन त्यांच्याकडून रोज तासभर नोंदींचे काम करून घेणे एखाद्या कार्यकारिणीला सहज सुचू शकते.

क्रम लावायचा तर देवनागरीतली सूची आणि तिची सुरक्षित प्रत आधी, मग ज्यांच्या प्रती दुर्मीळ आहेत त्या पुस्तकांचे स्कॅनिंग, त्यानंतर ई-पुस्तकांचे करार. चिप, किऑस्क आणि यंत्रमानव यांना थांबता येईल. कपाटातल्या कागदाला तेवढा वेळ नाही. आचार्य अत्रे यांचे निधन १९६९ चे; त्यांचे लेखन १ जानेवारी २०३० पासून मुक्त होईल. त्यांच्या पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या राज्यातल्या कोणकोणत्या वाचनालयांत आहेत आणि त्यातल्या किती अजून पूर्ण पानांनिशी आहेत, हे आज एका ठिकाणी शोधून कळत नाही.