फुकटे खवय्ये

२०२० च्या टाळेबंदीत घरी अडकलेल्या आपल्या मध्यमवर्गाने रस्त्यावरच्या खाण्याचे व्हिडिओ पाहून दिवस काढले. आता त्या दिवसांची आठवण निघाली की तो मोठ्या तोंडाने सांगतो, 'तेव्हा आम्हांला आपल्या खाद्यसंस्कृतीची खरी ओळख झाली.' हे विधान मला मुळीच मान्य नाही. ओळख झाली ती कढईची, तव्याची आणि लोण्याच्या वडीची. कढईमागे उभ्या असलेल्या माणसाची ओळख झाली नाही, आणि ती करून घ्यावी असे फारसे कुणाला वाटलेही नाही.

हे व्हिडिओ मी पुष्कळ पाहिले आहेत. ऐकीव गोष्ट सांगत नाही. इंदूरच्या सराफ्यात पेढ्या बंद झाल्यावर रात्री मांडलेली जिलबी, अमृतसरचा कुलचा, कलकत्त्याचा फुचका, मुंबईच्या तव्यावर खणखणणारे उलथने. मांडणी सगळ्यांची एकच. आधी उकळते तेल, मग हात. आणि त्या हातांत कौशल्य तरी किती! वडा कधी उलटायचा हे घड्याळ सांगत नाही, तेलाचा आवाज सांगतो. अशी जाण एखाद्या सतारवादकाच्या बोटांत दिसली असती तर आपण त्याचे नाव विचारले असते, गुरू कोण हे विचारले असते. इथे हात मनगटाशीच संपतात. चेहरा दिसलाच तर क्षणभर, आणि प्रश्न ठरलेला : 'भैया, दिवसाला किती प्लेटी जातात?' आकडा ऐकला की घरबसल्या गुणाकार सुरू. 'बघा, आपल्यापेक्षा जास्त कमावतो!' (या मंडळींना गुणाकार येतो, वजाबाकी येत नाही. तेल, बेसन, सिलिंडर, मदतनिसाचा रोज, आणि ज्याची पावती कधी मिळत नाही तो हप्ता. ही वजाबाकी मी वर्गात घातली तर पालक मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन जातील.)

आता जरा तारीख पाहा. २४ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून देश बंद झाला. पडद्यावर जो वडा तळला जात होता तो जुना होता. गाडी तर साखळीने खांबाला बांधलेली. मग तळणारा कुठे होता? हातावर पोट असलेल्या माणसाचे भांडवल बँकेत नसते. सकाळी ते बटाट्याच्या पोत्यात असते, संध्याकाळी गल्ल्यात येते, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा पोत्यात जाते. मधली एक संध्याकाळ चुकली की साखळी तुटली. पक्क्या दुकानाचा मालक शटर ओढून महिनाभर वाट पाहू शकतो. भिजवलेले पीठ वाट पाहत नाही. भांडवल खाऊन संपल्यावर कुणी भाजी विकू लागला, कुणी खोलीचे भाडे बुडवून गावची वाट धरली.

८ मे २०२० च्या पहाटे, जालन्याहून भुसावळच्या दिशेने पायी निघालेले १६ मजूर तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात रुळांवर झोपले असता मालगाडीखाली चिरडले गेले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांचे छायाचित्र देशाने पाहिले. ते फेरीवाले नव्हते, पोलादाच्या कारखान्यातले कामगार होते, हे मला ठाऊक आहे. पण त्या कोरड्या पोळ्या आणि लोण्यात बुडालेला पाव ही दोन्ही चित्रे त्या दिवसांत एकाच मोबाईलवर, अंगठ्याच्या एका फेरीत, एकामागून एक येत होती. अंगठा कुठे रेंगाळला हे ज्याचे त्याने आठवावे.

कुणी म्हणेल, 'मास्तर, लोक भेदरलेले होते, घटकाभर मन रमवीत होते. तेवढ्यावरून एवढा संताप कशाला?' मन रमवायला माझी ना नाही. माझे भांडण आहे ते या करमणुकीला 'खाद्यप्रेम' म्हणण्याशी. शिवाय या पाहण्यातून पैसाही निघतो. पण जाहिरातींचा तो पैसा चित्रण करणाऱ्याकडे आणि कंपनीकडे जातो, तळणाऱ्याकडे नव्हे. यावर ऑक्टोबर २०२० मधले दिल्लीचे उदाहरण हमखास पुढे केले जाते. एका वृद्ध जोडप्याच्या टपरीचा व्हिडिओ फिरला आणि दुसऱ्या दिवशी तिथे रांग लागली. लागली, आनंद आहे. पण एकाला लॉटरी लागली म्हणून बाकीच्यांचे पोट भरत नाही.

लॉटरीची गरज पडू नये म्हणूनच तर कायदा असतो! २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा केला. पाहणी पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कुणाला जागेवरून उठवू नये, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे, त्यांनीच निवडून दिलेले असावेत, हेही लिहिले आहे. टाळेबंदी आली तेव्हा या कायद्याला सहा वर्षे झाली होती. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने फेरीवाल्यांसाठी १०,००० रुपयांच्या कर्जाची योजना काढली, तेव्हा प्रमाणपत्रच नसलेले विक्रेते इतके निघाले की त्यांच्यासाठी शिफारसपत्राची वेगळी सोय करावी लागली. मदत करायला निघाल्यावर सरकारला कळले, की ज्यांना मदत करायची त्यांची धड नोंदच आपल्यापाशी नाही. या विषयावर आमचे खवय्ये एक शब्द बोलल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

ते बोलले ते नंतर, टाळेबंदी उठल्यावर. गाड्या परत आल्या आणि याच मंडळींच्या सोसायट्यांतून अर्ज जाऊ लागले : फाटकासमोरची गाडी हटवा, गर्दी होते, वास येतो. वास येतो! व्हिडिओला वास नसतो, हाच त्याचा सगळ्यांत मोठा गुण. त्यात तेलाचा धूर डोळ्यांत जात नाही, सुटे पैसे मोजावे लागत नाहीत, आणि पोट बिघडल्याचा आळही कुणावर घ्यावा लागत नाही.

व्हिडिओ करणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच : गाडीवाल्याचे नाव विचारा, तो किती वर्षे तिथे उभा आहे हे विचारा, प्रमाणपत्र मिळाले का हे विचारा. आणि तुम्ही तिथे असताना अतिक्रमण विभागाची मोटार आली, कढई तापलेल्या तेलासकट उचलली जाऊ लागली, तर कॅमेरा खिशात घालू नका. तोही भाग दाखवा.