धने-मिठाची बिअर



गोत्रीत राहणारा माणूस बिअरवर लिहितोय म्हटल्यावर काहींच्या भुवया वर जाणार, म्हणून खुलासा आधीच करतो. गुजरात राज्य १९६० साली झालं तेव्हापासून इथे दारूबंदी आहे आणि पन्नाशी उलटेपर्यंत मला तिची कधी अडचण झाली नाही. जे काही प्यालो ते जर्मनीत, एक पेला, बायको आणि मुलीसमोर. घरी आईलाही सांगून झालंय.

मुलगी लायप्झिगला शिकते. यंदा मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो. एका संध्याकाळी ती आम्हाला गोलिस भागातल्या एका जुन्या बिअर-घरात घेऊन गेली. तिथे ‘गोझे’ नावाची बिअर मिळते. घराचं नाव ‘ओने बेडेंकेन’, म्हणजे ‘बिनदिक्कत’. १८९९ पासूनचं हे ठिकाण. नावामागची गोष्ट अशी सांगतात, की नवखं गिऱ्हाईक विचारायचं, “ही पिण्यासारखी आहे ना?” आणि वाढपी ठरलेलं उत्तर द्यायचा, “ओने बेडेंकेन!”

मलाही तोच प्रश्न पडला होता. “यात असतं तरी काय?”

“गव्हाचं आणि जवाचं माल्ट, हॉप्स,” मुलगी म्हणाली, “आणि धने न् मीठ.”

“मग हिंग-मोहरीने काय घोडं मारलंय?” इति बायको.

उंच, सरळसोट पेल्यात फिकट पिवळी, जराशी गढूळ बिअर आली. पहिल्याच घोटाला तोंड आंबट झालं. हा आंबटपणा दह्यासारखाच असतो, कारण दूध विरजणाऱ्या जिवाणूंच्या कुळातलेच जिवाणू इथेही काम करतात. मागून मिठाची पुसटशी चव, आणि घोट उतरल्यावर धन्यांचा वास. कडूपणा जवळपास नाहीच. बायकोने माझ्या पेल्यातली चाखली आणि म्हणाली, “अगं, ही तर मसाला छाश!”

आम्ही दोघं हसलो. मुलगी हसली नाही. “पुण्यात असं म्हणू नकोस हं,” ती म्हणाली.

मग कळलं. तीन वर्षांपूर्वी पुण्याला लग्नात ती जेवताना ‘छाश’ मागून बसली. भावंडांनी दोन दिवस तिची टिंगल केली. ‘शाक’, ‘बारणं’ असे तिचे शब्द शोधून शोधून तिला परत ऐकवले. “तेव्हापासून मी तिथे इंग्रजीच बोलते, बाबा. तुझ्या लक्षात नाही आलं?” खरं सांगतो, नव्हतं आलं. मला वाटायचं, पोरगी मोठी झाली, शिष्ट झाली.

विषय बदलावा म्हणून की काय, ती मला बिअरचा इतिहास सांगू लागली. जर्मनीत बिअरच्या शुद्धतेचा कायदा आहे. १५१६ साली बव्हेरियाच्या ड्यूकने इंगोलश्टाट इथे फर्मान काढलं, की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी याखेरीज काही घालायचं नाही. यीस्टचा त्यात उल्लेखच नाही. ते काय करतं हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. १९०६ मध्ये शुद्धतेचा हा नियम साऱ्या जर्मन साम्राज्यात लागू झाला. त्या हिशेबाने धने-मीठ ही भेसळच. पण गोझेला प्रादेशिक परंपरेची बिअर म्हणून सूट मिळालेली आहे.

गोझे मुळात लायप्झिगचीही नाही. हार्त्स डोंगराच्या पायथ्याचं गोस्लार हे तिचं गाव, आणि तिथल्या गोझे नदीवरून तिचं नाव. अठराव्या शतकात ती लायप्झिगला आली आणि अशी रुजली, की लोक तिला लायप्झिगचीच म्हणू लागले. नाव मात्र माहेरच्या नदीचंच राहिलं. पुढे पिणारे आटले. १९६६ मध्ये ती बनवणारी शेवटची ब्रुअरीही बंद पडली. वीस वर्षांनी एका माणसाने हट्टाने हे बिअर-घर पुन्हा उघडायचं ठरवलं, जुन्या पिणाऱ्यांना चव विचारून घेतली आणि पूर्व बर्लिनमधल्या ब्रुअरीकडून गोझे बनवून आणली. आज ती पार अमेरिकेतही बनते.

अठराव्या शतकात गाव सोडून दुसरीकडे रुजलेलं आणखी कुणीतरी माझ्या ओळखीचं आहे. आपणच! गायकवाडांच्या मागोमाग आपल्यातली कितीतरी घराणी बडोद्याला आली. आडनावं तिकडची राहिली, जिभेवर इकडचं मीठ आलं. लिहिताना प्रमाण मराठी यायलाच हवी, त्यात सवलत मागू नका. पण घरात, लग्नात, भावंडांत बोलताना ‘छाश’ आली तर येऊ द्या. गोझे काही धने-मिठाने बंद पडली नव्हती, पिणारे उरले नाहीत म्हणून पडली. आपली मराठीसुद्धा गुजराती शब्दांनी जायची नाही. एखादी मुलगी लाजून गप्प बसली, तर मात्र तिच्यापुरती ती तिथेच थांबते.

परत निघताना मी मुलीला एवढंच म्हटलं, की पुढच्या वेळी पुण्याला तुझ्या शेजारी मी बसेन आणि छाश मीच मागेन. ती हसली. “मोठ्याने मागशील?”

“बिनदिक्कत!”

रात्री आईला फोन लावला आणि सगळं कबूल केलं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. मग तिने विचारलं, “धने भाजून घातले होते की कच्चेच?”

ते मी विचारलंच नव्हतं.

पुढच्या अंकात भेटूच.