शीत कुठल्या बाजूचे?

शितावरून भाताची परीक्षा होते खरी. पण डेगेला आच एकाच बाजूने लागली असेल, तर शीत कुठले उचलले हे विचारावे लागते. १९३६ साली अमेरिकेच्या ‘लिटररी डायजेस्ट’ने सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या. पत्ते मुख्यतः टेलिफोनवाल्यांचे, मोटारवाल्यांचे. मंदीच्या काळात ही मंडळी खाऊनपिऊन सुखी. उत्तरे २० लाखांहून अधिक आली. अंदाज लँडन यांचा, निवडून आले रूझवेल्ट! आम्ही म्हणतो, नमुना मोठा असून काय उपयोग? निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी हवी.

सच्चर समितीच्या २००६च्या अहवालात आपल्या रोजगाराचे कितीतरी आकडे नमुना पाहणीतूनच आले. तिथे एक घर हजारोंच्या वतीने बोलते. आणि पाहणीवाला दारात आला, की आपल्या मोहल्ल्यांत आतूनच आवाज येतो, ‘साहेब घरी नाहीत!’