शेवट कोणाचा?

कथेचा शेवट कसा करावा हे लेखकाने ठरवावे, वाचकाने नव्हे, हा साहित्यव्यवहारातील जुना संकेत आहे आणि तो योग्यही आहे. तथापि २०१२ च्या मार्चमध्ये ‘मास इफेक्ट ३’ या व्हिडिओ गेमच्या शेवटावरून जे वादळ उठले, ते केवळ या संकेताचा दाखला देऊन निकालात काढता येणार नाही.

कॅनडातील बायोवेअर या संस्थेने या कथामालेचा पहिला भाग २००७ साली व दुसरा २०१० साली काढला. खेळणाऱ्याने कोणाला वाचविले, कोणाचा बळी दिला, याची नोंद एका भागातून पुढील भागात नेण्याची सोय तीत होती. खेळणारा हा कथेचा निव्वळ प्रेक्षक नसून भागीदार आहे, असा हा शब्दच होता. तिसऱ्या भागाने तो वाटेत पुष्कळसा पाळलाही. परंतु अखेरीस साऱ्या निर्णयांची बेरीज लष्करी बळाच्या एका आकड्यात झाली आणि लाल, निळा व हिरवा असे, रंग सोडल्यास जवळजवळ सारखेच दिसणारे, तीन शेवट तेवढे हाती आले.

या निषेधात काहींनी सभ्यता सोडली, ते निंद्यच होय. पण इतरांनी मुलांसाठी झटणाऱ्या संस्थेला ऐंशी हजार डॉलरांहून अधिक निधी जमवून दिला. कोणी बायोवेअरच्या कचेरीत तीन रंगांचे, पण एकाच चवीचे केक धाडले. याहून नेमकी समीक्षा क्वचितच झाली असेल!

कॉनन डॉयल यांनी १८९३ साली शेरलॉक होम्सला मारले, तेव्हाही वाचक संतापले होते. परंतु डॉयल यांनी वाचकांना कसलाच शब्द दिला नव्हता. येथे तो दिला गेला होता, त्याची किंमतही घेतली गेली होती. जूनमध्ये बायोवेअरने विनामूल्य वाढीव शेवट दिला. त्यात खुलासे आले, एक नवा पर्यायही आला. मूळ रचना मात्र तशीच राहिली.

कलावंताचे स्वातंत्र्य अबाधित राहिलेच पाहिजे. पण ज्याला भागीदार म्हणून बोलाविले, त्याला हिशेबाच्या दिवशी प्रेक्षकांत बसविणे, याला स्वातंत्र्य म्हणता येत नाही.