बॅगेत मावणारा रेनकोट: टॅगवरचे आकडे काय सांगतात?

बीड जिल्ह्याची ओळख दुष्काळी. त्यामुळे आमच्या घरी रेनकोट ही कधी गरजेची वस्तू नव्हतीच. शेतात पाऊस आला की खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर, नाहीतर सरळ लिंबाखाली. पण सप्टेंबर २०२५ मध्ये याच जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, नद्यांना पूर आले, उभी पिकं गेली. इथला पाऊस रोजचा नाही. पण येतो तेव्हा पाच मिनिटांत भिजवून टाकतो.

म्हणून इथला रेनकोट बहुतेक दिवस घडी करून पडून राहणार. जड असेल तर तो घरीच राहतो, आणि नेमका त्याच दिवशी पाऊस येतो. घडी करून मुठीत मावणारा, २०० ते ३०० ग्रॅमचा कोट मात्र डब्याच्या पिशवीतही बसतो.

प्रश्न फक्त भिजण्याचा नाही. मराठवाड्यात मान्सूनच्या आधी आणि परतीच्या पावसात विजा पडतात, आणि भिजू नये म्हणून माणूस झाडाखाली जातो. विजेच्या वेळी तीच सगळ्यात वाईट जागा. रेनकोट विजेपासून वाचवत नाही, पण अंगावर असेल तर झाडाखाली थांबायचं कारण उरत नाही. पक्क्या घरापर्यंत जाता येतं. सोबत पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर ठेवा, ते जवळपासच्या विजांचा इशारा देतं.

आता आकडे

टॅगवर ‘१०,००० मिमी’ लिहिलेलं असतं. त्याचा पावसाच्या मिलिमीटरशी काही संबंध नाही. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ चढवत नेतात. किती उंचीला पाणी झिरपलं, तो हा आकडा. १०,००० मिमी म्हणजे १० मीटर. उभं असताना याच्या निम्माही चालून जातो. पण पाठीवर पंप असेल किंवा तुम्ही गाडीवर बसलेले असाल, तर पट्ट्याखाली आणि सीटवर दाब वाढतो, तिथे हा आकडा कामाला येतो.

दुसरा आकडा हवा खेळण्याचा: एका चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती ग्रॅम बाष्प बाहेर जातं. हलक्या रेनकोटच्या बऱ्याच परदेशी याद्या तिकडचे शिकारी आणि ट्रेकर डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपला, आणि हवामानही वेगळं. बाष्प बाहेर जायला आतल्या-बाहेरच्या हवेत फरक लागतो. तिकडच्या थंडीत तो असतो; आपल्या दमट उकाड्यात फार थोडा. म्हणून महागड्या पडद्यापेक्षा काखेतली चेन आणि सैल माप जास्त उपयोगी.

तिसरा आकडा डेनिअर. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. १० डेनिअरचं कापड हलकं खरं, पण बाभळीच्या एका काट्यात फाटेल. पाटोद्याजवळच्या नायगाव मयूर अभयारण्यात फिरायचं असो की बांधावरून जायचं, २० ते ४० डेनिअर बरं.

बाजारात काय बदलतंय?

कापडावर पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळतात, ते अनेक वर्षं पीएफएएस रसायनांमुळे. ही रसायनं निसर्गात जवळपास विरघळून संपतच नाहीत. म्हणून कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये १ जानेवारी २०२५ पासून अशा नव्या कपड्यांवर बंदी आली. पर्यायी लेप आले आहेत, पण तेल आणि मळ लागला की ते लवकर मंदावतात. त्यामुळे नवा कोट अधूनमधून धुवावा लागेल. धुतल्याने तो खराब होतो हा समज सोडा. टॅगवरची सूचना मात्र वाचा.

दुकानात शेवटचं एक काम करा. कोट उलटा करून शिवणी बघा. आतून पट्टी चिकटवलेली नसेल, तर सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी येणार. मग टॅगवर १०,००० लिहिलेलं असो की २०,०००, काही उपयोग नाही.