वाढीव खोली : बेलापुरात वास्तुकला, शिरवण्यात अतिक्रमण

१/१० जुईनगरहून लोकलने निघाले की नेरुळ, सीवूड्स-दारावे आणि मग बेलापूर. एवढ्याशा अंतरात एकाच कृतीचे नाव बदलते. कुटुंब वाढले म्हणून घरावर खोली चढवली, तर बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये ती वास्तुकला ठरते. जुईनगरलगतच्या शिरवणे गावात अनधिकृत बांधकाम. #थ्रेड

२/१० आधी बेलापूर. चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात सिडकोसाठी रचलेली ही वसाहत स्वातंत्र्योत्तर आधुनिक वास्तुकलेचा गाजलेला नमुना आहे. भूखंड सुमारे ४५ ते ७५ चौरस मीटरचे. गरीब आणि सुस्थित यांच्या जागेतील तफावत मुद्दाम कमी ठेवलेली.

३/१० सात घरे आणि मध्ये ८ बाय ८ मीटरचे अंगण. असे तीन समूह मिळून मोठा चौक. प्रत्येक घर स्वतःच्या भूखंडावर, शेजाऱ्याशी सामायिक भिंत नाही. एकाने घर वाढवले तर दुसऱ्याच्या भिंतीला धक्का लागू नये, हा त्यामागचा हेतू. बांधणी अशी साधी की स्थानिक गवंड्यालाही जमावी.

४/१० आज तेथे जुनी घरे पाडून मजले चढलेले पाहून इतिहासप्रेमी हळहळतात. ही हळहळ चुकीच्या जागी आहे. भिंती बदलणे हे या रचनेला अभिप्रेतच होते. अंगण गिळले गेले, शेजाऱ्याचा उजेड अडला, तर ते मात्र रचनेचे उल्लंघन.

५/१० आता शिरवणे. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण पट्ट्यातील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. शेते गेली, गावठाणे उरली. कुटुंबे वाढत राहिली. त्यांना पसरायला जागा राहिली नाही. म्हणून आहे त्याच घरावर मजला चढला. ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ हे नाव त्यातूनच रूढ झाले.

६/१० जानेवारी १९८४. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर उरण तालुक्यात गोळीबार झाला. १६ आणि १७ तारखेला पाच आंदोलक हुतात्मा झाले. त्याच वर्षी कोरियांना ब्रिटनचे रॉयल गोल्ड मेडल मिळाले. यात कोरियांचा दोष नाही. सिडकोचे मुख्य वास्तुविशारदपद त्यांनी त्याच्या बऱ्याच आधी सोडले होते. दोष स्मरणाचा आहे. वास्तुकलेच्या इतिहासात पदक येते, गोळीबार येत नाही.

७/१० त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. पण वाटप वर्षानुवर्षे रखडले. लग्ने आणि बाळंतपणे काही वाटपपत्राची वाट पाहत नाहीत.

८/१० आक्षेप येईल : गावठाणात अग्निशमनाचा बंब शिरत नाही, गरजेच्या आडून भाड्याच्या इमारती उठल्या. हे खरेच आहे. पण बेलापुरात घरे वाढणार हे गृहीत धरून अंगण आणि अंतर आधी आखले गेले. गावठाणात घरे वाढणार हे दिसत असूनही काहीच आखले गेले नाही. ही दाटी गावाच्या स्वभावातून आली नाही, नियोजनाच्या अनास्थेतून आली.

९/१० २०२२ मध्ये गावठाणाच्या हद्दीपासून २५० मीटरपर्यंतची अशी बांधकामे नियमित करण्याचा शासन निर्णय निघाला. त्याने घराला कागद मिळू शकतो. पण कागदाने गल्ली रुंद होत नाही, खोलीत उजेड येत नाही.

१०/१० म्हणून मागणी साधी आहे. गावठाणांचे मोजमाप व्हावे, उरलेली अंगणे व वाटा राखाव्यात, गरजेचे घर आणि धंद्याची इमारत यांत फरक करावा. घर वाढते, हे तत्त्व बेलापुरात मान्य असेल, तर ते शिरवण्यातही मान्य झाले पाहिजे. कोरियांच्या भिंती जपण्यापेक्षा त्यांचा हा विचार पाळणे, हे वारसा जपण्याचे अधिक मोठे काम आहे.